तटाखालची वस्ती



नारळी पौर्णिमा अजून व्हावयाची आहे. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या आहेत, जाळी खांबांवर टांगलेली आहेत, आणि समुद्राविषयी निवांतपणे बोलावे असे वर्षातले हेच दिवस आहेत. एरवी समुद्राची माणसे समुद्रावर असतात आणि समुद्राविषयी बोलणारी तेवढी सभागृहात असतात. आज दोघांची गाठ पडली आहे, हे मी माझे भाग्य समजतो.

मालवणच्या या सभागृहातून बाहेर पडून दहा पावले चाललो की समोर सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटाच्या खडकावर शिवछत्रपतींनी त्याचा पाया घातला. अठ्ठेचाळीस एकरांचे ते बेट, त्याभोवतीचा तो नागमोडी तट, खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी, हे सारे आपण पोरवयापासून पाहिले आणि पाहुण्यांना अभिमानाने दाखविले. पण त्या तटाच्या पायथ्याला जिथे लाट लागते, तिथून खाली काय आहे? तटावर पहारा होता, शिबंदी होती, वस्ती होती, हे आपणांस ठाऊक आहे. तटाखाली, पाण्यात, त्या वस्तीहून कितीतरी पुरातन अशी एक दुसरी वस्ती आजही नांदते आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आज मला त्या वस्तीविषयी बोलावयाचे आहे: तिथल्या मासळीविषयी, आणि तिच्या रक्षणाविषयी.

ही वस्ती प्रवाळाची आहे. पोवळे म्हणजे दागिन्यातला लाल मणी एवढीच आपली ओळख असते. वस्तुतः प्रवाळ हा प्राणी आहे. टाचणीच्या डोक्याएवढा किंवा थोडा मोठा, मऊ अंगाचा, तोंडाभोवती स्पर्शकांचे कडे असलेला हा जीव समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती दगडी घर बांधतो, आणि लक्षावधी घरे एकास एक लागून उभी राहिली की त्यांचा खडक होतो. त्याच्या देहात सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून राहते. हे शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्या अन्नाचा मोठा वाटा घरधन्यास देते, म्हणजे भाडे धान्यात चुकविण्याचाच हा प्रकार. प्रवाळाचा रंगही बहुतांशी या भाडेकऱ्याचाच. येथील प्रवाळास लक्षद्वीपच्या स्फटिकासारख्या पाण्याचे सुख नाही. पावसाळ्यात गडनदी आणि कर्ली या नद्या गाळ आणतात, पाणी गढूळ होते, खारटपणा उतरतो, आणि पाऊस सरल्यावर खडकाखडकांवर शेवाळाची दाट राने माजतात. अशा हालअपेष्टांत तग धरणाऱ्या थोड्याच जाती इथे आहेत, आणि त्या सलग पसरलेल्या नसून ठिगळाठिगळांनी आहेत. गोव्याच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मालवणच्या जिवंत प्रवाळाची नोंद केली, तोवर या किनाऱ्यावर प्रवाळ असेल असे विद्वानांना फारसे वाटतही नव्हते. गळाची दोरी कुठल्या खडकात अडकते हे ज्याला अंधारातही कळते, त्या आपल्या खलाशाला मात्र तळाशी काहीतरी खरखरीत, जिवंत आहे हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. प्रवाळाचे काही गोलाकार दगड वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे हातभर उंचीचा दगड हा आपल्या आजोबांच्या वयाचा समजावा, आणि त्यावर पाय देताना तेवढाच संकोच वाटावा.

आता मासळीकडे येतो. जगातल्या समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळाने व्यापलेला नाही, आणि तरीही समुद्रातील सुमारे एक चतुर्थांश जाती आपल्या आयुष्याचा काही ना काही भाग त्याच्या आश्रयाने काढतात. इतकी दाटी एवढ्याशा जागेत मावते तरी कशी?

या प्रश्नाचे उत्तर द्यायला कोकणी माणसाला दूर जावे लागत नाही. आपले वाडवडील मुंबईच्या गिरण्यांत गेले तेव्हा गावाच्या नावाच्या एकेका गाळ्यात पंधरा-वीस माणसे राहत. ती एकाच वेळी राहत नसत. दिवसपाळीचा कामावर गेला की रातपाळीचा त्याच्या जागेवर वळकटी पसरी, आणि भोंगा झाला की जागांची अदलाबदल होई. प्रवाळाच्या खडकात हाच कायदा चालतो. दिवसा रंगीत, चपट्या अंगाचे मासे फटींतून बाहेर पडून शेवाळ व प्रवाळ टिपत फिरतात. दिवस मावळला की ते त्या फटींत शिरतात, आणि मोठ्या डोळ्यांचे, तांबूस रंगाचे निशाचर मासे तिथून बाहेर पडतात. संधिप्रकाशाची ती अर्धी घटका मात्र गोबऱ्याची. फटीच्या तोंडाशी दबा धरून बसलेला हा जबड्याचा मासा पाळीबदलाची वेळ गिरणीच्या मुकादमापेक्षा अधिक नेमकी ओळखतो.

जागा जशी वाटलेली, तसा व्यवसायही वाटलेला. पोपटाच्या चोचीसारख्या दातांचे मासे खडकावरचे शेवाळ खरवडतात. खरवडताना प्रवाळाचा चुराही पोटात जातो आणि पांढरीशुभ्र वाळू होऊन बाहेर पडतो. लक्षद्वीपच्या ज्या किनाऱ्यांची छायाचित्रे आपण कौतुकाने पाहतो, त्यांवरील वाळूचा बराच भाग माशांच्या पोटातून आलेला आहे. बोटाएवढे काही मासे केवळ सफाईचे काम करतात. ठरावीक खडकापाशी ते दुकान मांडून बसतात, आणि त्यांना एका घासात गिळू शकतील असे मोठे मासे तोंड व कल्ले उघडून मुकाट्याने उभे राहतात, की याने आतली बांडगुळे वेचून घ्यावीत. केंड आपले दात समुद्रसाळूच्या काट्यांवर चालवतो. शेवंड बिळात बसून रात्रीची वाट पाहते. यांतला एकही निरुद्योगी नाही. शेवाळ खरवडणारे गेले, तर दोनचार हंगामांत शेवाळ प्रवाळावर चढते, नव्या प्रवाळाच्या पिलास बसायला उघडा दगड राहत नाही, आणि ज्या खडकात गोबऱ्याचे घर होते तो खडक हळूहळू ढासळू लागतो. जिला आपण जैवविविधता म्हणतो ती जातींची नुसती मोजदाद नव्हे. ती या कामांच्या वाटणीची व्यवस्था आहे.

पुढची गोष्ट मी विशेष आग्रहाने सांगणार आहे, कारण ती आपल्या बाजाराशी निगडित आहे. आपल्याकडे मोठा मासा पकडला की त्याची मिरवणूक निघते. गोबऱ्याच्या बहुतेक जाती जन्मतात त्या मादी म्हणून. वर्षानुवर्षे त्या मादी राहतात आणि पुष्कळ मोठ्या झाल्यावर त्यांतल्या काही नर होतात. म्हणजे खडकावरचे सर्वांत मोठे गोबरे वेचून काढले, तर त्या खडकावरचे नर काढले. आणि नर काढले, तर मागे राहिलेल्या माद्यांची अंडी काय करावीत? शिवाय या जाती ठरावीक महिन्यात, चंद्राच्या ठरावीक तिथीला, ठरावीक ठिकाणी विणीसाठी एकत्र जमतात. ज्याला ती जागा आणि ती तिथी कळली, त्याला वर्षाची कमाई दोन रात्रींत करता येते, आणि दोन-चार वर्षांत ती जागा कायमची ओस पाडताही येते.

तांबोशीचे गणित तर याहून थक्क करणारे आहे. मेक्सिकोच्या आखातातील तांबोशीच्या एका भाईबंदावर अमेरिकेत फार पूर्वी एक मोजणी झाली. एकसष्ट सेंटिमीटर लांबीची एक मादी जितकी अंडी देते, तितकी अंडी द्यायला बेचाळीस सेंटिमीटर लांबीच्या दोनशेबारा माद्या लागतात. लांबी दीडपट, आणि संतती दोनशेबारापट! लहान मासा मारू नये हे आपणांस शाळेत शिकवतात, आणि ते खरेच आहे. राज्य शासनानेही २०२३ साली ५४ जातींच्या मासळीसाठी किमान कायदेशीर आकार ठरवून दिला. परंतु म्हातारी मादी ही समुद्राची बियाण्याची कणगी आहे, हे आपणांस कोणीच शिकवीत नाही. कोकणातला गरिबांतला गरीब शेतकरीसुद्धा उपासमारीच्या वर्षी बियाण्याच्या भाताला हात लावीत नसे. मग समुद्रातल्या बियाण्याला आपण वजनाच्या काट्यावर का चढवितो?

आणि ही अंडी जातात कुठे? प्रवाळावरच्या बहुतेक माशांची पिल्ले जन्मताच प्रवाहाबरोबर वाहू लागतात. कित्येक दिवस, काहींच्या बाबतीत कित्येक आठवडे, ती काचेसारखी पारदर्शक पिल्ले उघड्या समुद्रात तरंगतात, आणि मग त्यांना घर शोधावे लागते. अलीकडे असे आढळून आले आहे की ती घराचा शोध वासाने घेतात आणि कानानेही घेतात. जिवंत प्रवाळ मुका नाही. चिमटा वाजवणाऱ्या चिमुकल्या कोळंब्यांची तडतड, माशांचे घुमणे, दातांची खरखर, यांचा मिळून तापल्या तव्यावर मोहरी उडावी तसा एक अखंड आवाज होतो, आणि काळोखात वाहत आलेले पिल्लू त्या आवाजाच्या दिशेने वळते. ज्या खडकावर मासळी उरली नाही तो खडक निःशब्द होतो; आणि निःशब्द खडकाकडे नवे पिल्लू वळत नाही. मित्रहो, एकदा उजाड झालेली वस्ती पुन्हा वसायला इतका काळ का लागतो, याचे एक कारण हे आहे की तिच्यातून साद येणे थांबलेले असते.

या वाहत्या पिल्लांमुळेच समुद्रात गावाची शीव चालत नाही. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरांवर पाण्याखाली एक पठार आहे. सुमारे ४० किलोमीटर लांब, १५ किलोमीटर रुंद, आणि त्याचा माथा पृष्ठभागापासून अदमासे २० मीटर खाली. मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. ज्यांच्या दस्तकावाचून, म्हणजे परवान्यावाचून, या मुलखाच्या दर्यात परक्या गलबतांची धडगत नसे, त्या सरखेलांचे नाव जगाच्या नकाशात एका प्रवाळभूमीला लाभावे, ही मला फार समर्पक गोष्ट वाटते. तिथले पाणी नितळ आहे, नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही, आणि आपल्या उथळ किनाऱ्यावर ज्यांना जगता येत नाही अशा प्रवाळांना तिथे जागा आहे. परंतु राज्याची समुद्रातील हद्द बारा सागरी मैलांची, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरांची. आंग्रिया त्या हद्दीच्या फार पलीकडे, केंद्राच्या अखत्यारीत पडते, आणि अभयारण्याचा जो कायदा किनाऱ्यालगत लागू होतो तो तिथवर पोचविणे सोपे नाही. सरखेलांचे दस्तक जिथवर चालत असे तिथवर आज आपला कागद चालू नये, याची मला खंत वाटते.

संकटांविषयी मी थोडक्यात बोलतो. ती आपणांस माझ्याहून अधिक ठाऊक आहेत. पर्ससीनच्या प्रचंड जाळ्यांनी बांगडा व तारली यांचे थवे किनाऱ्याकडे यायच्या आतच उचलले जाऊ लागले आणि किनाऱ्यावरून ओढायची रापण रिकामी येऊ लागली. २०१६ साली राज्य शासनाने या जाळ्यांवर निर्बंध घातले, २०१७ साली केंद्र शासनाने प्रखर दिव्यांच्या झोतात होणारी मासेमारी बंद केली. कायदा झाला; बंदोबस्त किती झाला, हे या सभागृहातील रापणकरांना विचारावे. पर्यटनाने तरुणांना गावातच रोजगार दिला, याचा मला आनंद आहे. परंतु प्रवाळ दाखवायला नेलेला पाहुणा प्रवाळावरच उभा राहतो, होडीचा नांगर पन्नास वर्षांचा दगड एका हिसक्यात उखडतो, आणि माशांना पाव टाकला जातो. पाव खायला सोकावलेला मासा शेवाळ खरवडणे सोडतो, हे त्या पाव टाकणाऱ्या हातास कळत नाही. कायमचे बोये बसवून होड्या त्यांना बांधणे हा अगदी साधा उपाय आहे.

सर्वांत मोठे संकट मात्र आपल्या तटाबाहेरचे आहे. पाणी नेहमीपेक्षा अंशभर अधिक तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तर प्रवाळ आपल्या देहातील शैवालास हाकलून देतो आणि पांढराफटक पडतो. शैवाल लवकर परतले नाही तर तो उपाशी मरतो. १९९८, २०१० आणि २०१६ या साली लक्षद्वीपने हे भोगले. तिथल्या काही बेटांवर १९९८ मध्ये प्रवाळाचे आच्छादन सुमारे ३७ टक्के होते, ते २०२२ पर्यंत सुमारे १९ टक्क्यांवर आले. आपल्या मालवणातही गेल्या दशकात प्रवाळ पांढरे पडल्याच्या नोंदी झाल्या आहेत. कोणी विचारील, समुद्रच तापत असेल तर आम्ही चार खडक राखून काय होणार? पाणी थंड करणे मालवणच्या हाती नाही हे खरे. पण उष्णतेचा फटका बसून गेल्यावर खडक पुन्हा उभा राहतो की शेवाळाखाली गाडला जातो, हे त्यावर खरवडणारी मासळी किती शिल्लक आहे यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते. आणि ती शिल्लक ठेवणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. राखावयाचे हे ठरले, राखावे कसे? १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरांचा गाभा. सिंधुदुर्ग, पद्मगड आणि भोवतालचे खडक त्या गाभ्यात येतात. हद्दी शास्त्राला धरून आखलेल्या होत्या, हेतू निर्मळ होता. पण येथील मच्छीमारांनी त्याला पहिल्यापासून विरोध केला, आणि त्यांची तक्रार एका वाक्याची होती: आम्हांला कोणी विचारले नाही. चार दशके होत आली. अभयारण्य बव्हंशी दप्तरात राहिले आणि समुद्रात उतरले नाही. मी प्राणिशास्त्राचा अभ्यासक. मला त्या गाभ्याची निकड पटते. तरीही मी आज या व्यासपीठावरून म्हणतो की ती तक्रार न्याय्य होती. ज्याच्या चुलीवरचा भात त्या खडकावर अवलंबून आहे त्याला वगळून खडकाचा कारभार करता येत नाही.

हे मी परदेशी ग्रंथांतून शिकलेलो नाही. सुमारे १७१५ साली रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्र या मराठी राज्यनीतीच्या ग्रंथात आरमाराचे एक प्रकरण आहे. आरमाराला लाकूड लागते. सागवान वगैरे लाकूड राज्यातील अरण्यांतून परवानगीने आणावे, कमी पडल्यास बाहेरून खरेदी करावे, असे ते सांगतात. आंबा-फणसाचे लाकूडही जहाजांच्या कामाचे. परंतु त्याला हात लावू देऊ नये. का? कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही. क्वचित एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर त्याच्या धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने ते न्यावे. बलात्कार सर्वथा करू नये. पाहा, केवढा विचार आहे हा! झाड राखणे आणि झाडाच्या धन्याचे मन राखणे, या दोन गोष्टी त्या कारभाऱ्याने वेगळ्या मानल्याच नाहीत. ज्या आरमाराच्या जोरावर समोरचा जलदुर्ग उभा होता, त्या आरमारालाही रयतेच्या परसातले झाड जबरीने घेण्याची मुभा नव्हती.

आज हे जमते का? जिथे जमविले तिथे जमले. गुजरातच्या किनाऱ्यावर एके काळी व्हेल शार्क या अजस्र पण निरुपद्रवी माशाची सर्रास शिकार होई. २००१ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. पण शिकार खरोखर थांबली ती पुढे कथाकार मोरारी बापूंनी कोळ्यांच्या वस्त्यांतून सांगितल्यावर, की ही बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. तिला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असे नाव मिळाले, आणि तेव्हापासून शेकडो वेळा त्याच कोळ्यांनी आपली महागडी जाळी स्वतःच्या हाताने कापून तिला सोडून दिले. आपल्या राज्यानेही २०१८ च्या अखेरीपासून, संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची तजवीज केली आहे. धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने: अमात्यांचे तेच सूत्र तीनशे वर्षांनी पुन्हा लागू झाले आहे.

आणि आपल्या रापणकरांना संयम शिकवावा असे कोणी समजू नये. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी शासनाने पुकारली त्याच्या किती तरी आधीपासून हा समाज नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावाचून होडी लोटीत नव्हता. रापणीच्या दोराला हात लावणाऱ्यास वाटा मिळतो. म्हाताऱ्याला मिळतो, पोराला मिळतो. वाटपाचा इतका सूक्ष्म न्याय ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्यांच्याकडे खडकांच्या वाटपाचा न्याय सोपविता येणार नाही काय? गोबरा कोणत्या तिथीला कुठे जमतो, शेवंड कुठल्या बिळांत विते, हे ज्यांना माहीत आहे त्यांच्या तोंडून ऐकून, त्यांच्या सहीने, मोजक्या खडकांची आणि मोजक्या महिन्यांची हद्द आखली जावी. ती हद्द लहान असेल. पण तिच्यावर पहारा ठेवायला शासनाला नौका पाठवावी लागणार नाही.

म्हणून माझी या सभागृहास विनंती आहे. नारळी पौर्णिमेला अजून अवधी आहे, आणि सगळी माणसे गावात आहेत. एका संध्याकाळी रापण संघांचे वडीलधारे, होडीवाले, पाण्यात बुडी मारायला शिकलेली मुले, वन व मत्स्य खात्यांचे अधिकारी आणि आम्ही अभ्यासक यांनी किनाऱ्यावर एका चटईवर बसावे, समोर कोरा नकाशा ठेवावा, आणि पहिली रेघ सर्वांत म्हाताऱ्या तांडेलाच्या हातून ओढवून घ्यावी. मासळी विकणाऱ्या भगिनींनो, हंगाम सुरू झाल्यावर वीतभरही न भरलेली तांबोशी लिलावात आली, तर तिच्यावर बोली लावू नका. आणि बाकीच्यांनी, ती कुणी टोपलीत घालून दारात आणलीच, तर ती घेऊ नका.